सोमीबाईचं मागचं तोंड

लाकडावर रंधा चालवला की वस्तू निघते हातभर आणि छिलका पोतंभर. किस्स्यांचंही तसंच आहे राजेहो! आमच्या टिनाच्या शेडमध्ये आम्ही चौघं म्हातारे कित्येक वर्षांपासून ठोकठाक करतो. आजवर धड उभा राहिलेला स्टूल एकच. बाकी सगळा छिलका. कितीही झाडा, कोपऱ्यात साचतोच. त्यातला यंदाच्या मोहाच्या दिवसांतला तेवढा उचलून सांगतो.

चौघं म्हणजे कोण? मी तानबा, जन्मभर बांबूचा ट्रक हाकला, शाळा पाचवीत सोडली. शाळेनं मला सोडलं म्हणा! दुसरे गुरुजी. लाकडाला हात लावण्याआधी तीनदा फूटपट्टी लावणार. तिसरा बंडूभाऊ मेडिकलवाला, त्याची सगळी हत्यारं ऑनलाइन. आणि चौथा बिजाराम. लाकूड खरं कळतं ते त्याच्याच हाताला, म्हणून तोंड सगळ्यात कमी चालतं.

गाव पोंभुर्ण्याकडचं. शेडमागं बोडी, म्हणजे आमचं लहानसं तळं. बोडीमागं जंगल.

* * *

बंडूभाऊनं एकदा जर्मनीची पटाशी मागवली. लाकडी पेटी, आत मखमल. महिना झाला तरी ती पेटीतच.

"बंडूभाऊ, लाकडाले कधी लावतं?"

"धार जाईन ना, तानबाभाऊ!"

मी दुसऱ्या दिवशी पेटीवर हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली, समोर नारळ ठेवला. बंडूभाऊ आला, पाहिलं, आणि चूपचाप चप्पल काढून पाया पडला! त्याला वाटलं, गुरुजींनी पूजा घातली.

तेवढ्यात बिजारामनं आपली जुनी पटाशी दगडावर दोनदा घासली आणि कामाला लागला. त्या पटाशीला मूठ नव्हती, नुसती चिंधी गुंडाळलेली होती.

* * *

होळी झाली आणि गावात बोलवा उठली की वाघ बोडीवर पाण्याला येऊन राह्यला. बंडूभाऊ दिवसाढवळ्याही शेडवर यायला घाबरू लागला. आता असा माणूस समोर असताना मी गप्प बसू का?

सागवानाचा एक तुकडा घेतला आणि वाघाच्या पंजाचा ठसा कोरला. चार बोटं, गादी, वर नखं. झकास! संध्याकाळी बोडीपासून शेडच्या दारापर्यंत ओल्या मातीत उमटवत आलो.

सकाळी बंडूभाऊ आला, पाहिलं, आणि एका उडीत टेबलावर! हातात नवी ड्रिल मशीन, वाघावर रोखलेली.

"अरे, वायर तरी लाव!" मी हसून हसून खाली बसलो. मग खिशातून ठसा काढून दाखवला. गुरुजी हसले, शेवटी बंडूभाऊही हसला.

बिजाराम वाकून पाहत होता. "भाऊ, नखं काऊन कोरली? वाघ चालताना नखं आत ठेवते. हे तं कुत्रं झालं."

पुन्हा हशा! बिजाराम तसाच वाकून, दुखरा गुडघा सांभाळत बोडीकडं गेला. तिथं थांबला. मला हाक मारली.

"तानबाभाऊ, तुहं कुत्रं इथून निंघालं ना?"

"हो."

"मंग हे पहा. इथून मागं पंजे आहे, नखं नाई. हे कुत्रं नाई."

* * *

त्या दिवसापासून शेडमध्ये हसू जरा जपूनच निघू लागलं. कारण बोडीच्या पलीकडं, नाल्याच्या काठावर, बिजारामच्या घरचं मोहाचं झाड. आमच्याकडं मोहाची झाडं घराघराची ठरलेली असतात. दुसरा कोणी त्याखालचं फूल उचलत नाही. हे झाड बिजारामच्या बायकोला, सोमीबाईला, तिच्या सासूनं नेमून दिलेलं. फुलं पहाटे गळतात. पालापाचोळा जाळून साफ केलेल्या जागेवर वाकून एकेक वेचायचं. आणि वाकलेला माणूस मागून पाहिला तर माणूस दिसत नाही, जनावर दिसते.

दरवर्षी बिजाराम सोबत जायचा. यंदा गुडघ्यात पाणी भरलेलं. म्हणाला, "औंदा राहू दे."

सोमीबाई म्हणाली, "फुलं काय तुमचा गुडघा बरा होयेपर्यंत झाडावर थांबतीन?"

आणि टोपली घेऊन गेली! सोबत गावच्या चारपाच बाया, पण झाडाखाली पोचल्यावर जी ती आपापल्या झाडाखाली एकटीच.

बिजाराम ओट्यावर बसून वाटेकडं पाहत राहायचा. ती परतली की मगच शेडवर यायचा. मी एकदा म्हणालो, "बायकोची एवढी वाट तं लगनाच्या टाइमालेही पाह्यली नसन तू!" तो हसला नाही. माझा बाण फुकट गेला.

* * *

वनरक्षक येऊन सांगून गेला: एकटं जाऊ नका, वाकून राहू नका, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधा. वाघ पाठीमागून येते, तोंड दिसलं तर बिचकते.

बिजारामनं आम्हाला आजवर काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाला, "एक मुखवटा कोरून देऊ ना आपण? चौघं आहो. लवकर होईन."

चौघं होतो म्हणूनच लवकर झालं नाही.

बंडूभाऊनं सागवानाचा ठोकळा आणला. कोरला, गुरुजींच्या डोक्याला बांधला, तर त्यांचं तोंड सरळ आभाळाकडं! मी म्हणालो, "वाघानं सोडलं तरी मान मोडून मरन बाई." मग हलका पांगारा आणला. गुरुजींनी कंपास काढली. दोन्ही डोळे सारखे, नाक मधोमध, कान मोजून. त्यात एक दिवस. सोमीबाई तशीच गेली आणि आली.

दुसऱ्या दिवशी बंडूभाऊ म्हणाला, पॉलिश मारू, तीन हात. प्रत्येक हात वाळायला पाहिजे. मीही शहाणा, म्हणालो मिशा काढू! मिशा पिळदार की गुरुजींसारख्या झुपकेदार, यावर दुपार गेली; शेवटी झुपकेदार ठरल्या. सोमीबाई तशीच गेली आणि आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्याची कालवड बोडीवरून गेली. मातीत ओढत नेल्याची रेघ तेवढी राहिली.

बिजाराम शेडवर आला तेव्हा बंडूभाऊ मुखवट्याच्या गालावर पॉलिशपेपर घासत होता. "पहा, कसा गुळगुळीत झाला!"

बिजारामनं तो हातातून काढून घेतला. "बंडूभाऊ, वाघ हात फिरवून पाहत नाई."

चिंधीवाली पटाशी घेतली. दोन घाव इकडं, दोन तिकडं, डोळे खोल उघडले. तोंड फाडलं. चुना आणि कोळसा फासला.

गुरुजी म्हणाले, "डावा डोळा दोन सूत वर गेला."

"जाऊ द्या," बिजाराम म्हणाला.

त्या वाकड्या डोळ्यानं ते लाकूड असं पाहू लागलं की मी माझा स्टूल उचलून दुसरीकडं ठेवला.

* * *

सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून मुखवटा सोमीबाईच्या डोक्यामागं बांधला. बांधण्याआधी तिनं तो हातात घेऊन पाहिला. "अगं माय! हे तं गुरुजी आहेत!"

गुरुजी दोन दिवस शेडवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते मिशी काढून!

आणि मी? सांगायला लाज वाटते, पण सांगतो. पहाटे ती माझ्या घरावरून गेली तेव्हा मी कुंपणाआड दबून बसलो होतो. मागून "भ्यॉऽऽ" करणार होतो. ती पुढं गेली, मी तोंड उघडलं, आणि ते दुसरं तोंड माझ्याकडंच पाहत पाहत लांब जाऊ लागलं. मी तसाच मागच्या मागं सरकत घरात शिरलो. बायको म्हणाली, "काऊन, घाम काऊन फुटला?" मी म्हणालो, "गरमी आहे."

* * *

चारपाच दिवस बरे गेले. मग एका सकाळी, दिवस नुकताच वर आलेला, बाया ओरडत बोडीवरून पळत आल्या. कोणाची टोपली नाही, कोणाची चप्पल नाही.

"नाल्यात आहे! नाल्यातून वर आला!"

सगळ्या आल्या. सोमीबाई नाही आली.

बिजाराम उठला आणि निघाला. गुडघा वाकत नव्हता, तसाच पाय ओढत. आम्ही काठ्या घेतल्या, गावच्या पोरींनी डबे घेतले, सगळे बोडीच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत गेलो. पुढं झाडी. आत काहीच आवाज नाही, पाखराचाही नाही. बंडूभाऊनं माझा हात धरला, मी सोडवला नाही. सत्तर वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडात एकही टोमणा नव्हता. डबे वाजवायचे हेसुद्धा कोणाला सुचलं नाही.

बिजाराम झाडीत शिरणार, तेवढ्यात पाऊलवाटेवर सोमीबाई दिसली.

पळत नव्हती. रोजच्या चालीनं येत होती. डोक्यावर टोपली, टोपली काठोकाठ भरलेली.

बिजाराम वाटेवरच बसला.  गुरुजींनी विचारलं, "बाई, दिसला का?"

"दिसला."

"मागून आला का?"

"नाई जी, समोरून."

"समोरून! मंग?"

सोमीबाईनं टोपली खाली उतरवली, पदरानं तोंड पुसलं.

"मंग काय गुरुजी, मी त्याच्याकडं पाठ केली आन् राह्यलेली फुलं वेचली."