मामांचं बाहचे

मामा गेल्याचं सारंगखेड्याच्या गाडीवानानं दारातूनच सांगितलं. महिना होत आला. रडू तेव्हाही आलं नाही, अजून येत नाही... हल्ली माणसं जाण्याचीही सवय झाली आहे.

मामांना घोड्याखेचरांची चांगली जाण. पहिल्या महायुद्धात सरकारनं खेचरं हाकायला माणसं नेली, त्यांत तेही गेले. इराकात पलटण शरण गेली. कैद्यांना चालवत तुर्कस्तानात नेलं, डोंगरात रेल्वेचा बोगदा खणायला लावलं. इकडे काही खबर नाही. शेवटी दिवस घातले, मामींनी कुंकू पुसलं. लढाई संपल्यावर मामा दारात उभे राहिले, तेव्हा मामी किती तरी वेळ उंबऱ्यापासून पुढे झाल्याच नाहीत.

बोगद्याजवळच्या गावाचं नाव बाहचे, म्हणजे बगीचा. आम्हा पोरांना मामा अंगणातल्या धुळीत ते गाव काढून दाखवत. भोवती सातपुड्यासारखे डोंगर, फक्त थंडीत माथे पांढरे. खाली ओढा, काठानं अंजिराची झाडं, द्राक्षाचे वेल. पण तिथं कोण राहायचं, असं विचारलं की धूळ पुसून उठत.

गेल्या दिवाळीत, अंथरुणाला खिळल्यावर, आपणहूनच म्हणाले, "अर्धं गाव अर्मनी लोकेसनं व्हतं. किरिस्ताव. आम्ही जावाना पहिलेच तुर्कासनी त्यासले काढी दिन्हं. आमले त्यासना घरमां ठेवं..."

मामी चुलीपाशी होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्याही हे पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"कोठीमां पीठ तसंच व्हतं. आम्ही भुक्या व्हतूत. खाई टाकं." मामांनी मान चुलीकडे वळवली. "त्या घरनी बाई परत उनी व्हई ते?"

मामींनी चुलीतलं लाकूड तेवढं मागे ओढलं.

तेराव्यानंतर मी मामींना घेऊन नंदुरबारला परत निघाले. गाडी जुंपलेली होती. मी कुलूप मागितलं.

"ऱ्हाऊ दे, माय," त्या म्हणाल्या.

त्या पुन्हा आत गेल्या. बराच वेळ झाला म्हणून मी डोकावले. आदल्या दिवशी दळलेलं ज्वारीचं पीठ त्या कोठीत ओतत होत्या, अगदी काठोकाठ. वर ताट झाकलं, शेजारी काडेपेटी ठेवली. मग बाहेर येऊन दार नुसतं लोटलं, आणि हाताचं पीठ पदराला न पुसताच गाडीत चढल्या.