चिखलावर पडलेली शिंपली

माझी मावशी आयुष्यभर खाडीत शिंपल्या गोळा करून सोलत आली, पण तिने स्वतः कधी एकही तोंडात घातली नाही. चिखलावर उघडी पडलेली शिंपली दिसली की तिला शिसारी यायची. चिखल उकरून, आत रुतलेल्याच तेवढ्या ती घ्यायची.

परवा तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, पहिल्यांदाच खाडीत गेले आणि बघता बघता टोपलं भरून परतले. "उकरायला कशाला लागतं? नुसत्या वेचल्या!" त्यांनी फुशारकी मारली.

"वरच्या वर उचलल्यात? अहो, अक्कल गहाण ठेवलीत का?" मावशीने एक शिंपली उघडली. ज्याच्या जोरावर शिंपली चिखलात शिरते, त्या मांसल पायात खसखशीसारखे पांढरे कण गच्च भरले होते. "हे किडे! मासळी खात्याच्या तपासनीस बाईंनी मला भिंगाखाली दाखवलेत. हे तिचा पाय लुळा करतात, म्हणून शिंपली वर पडून राहते आणि पक्षी तिला आयती गिळतो. मग हे मेले त्याच्या पोटात वाढतात, अंडी घालतात आणि ती विष्ठेतून परत चिखलात! थू!"

"धुतलं की झालं," काका म्हणाले.

मावशीने टोपलं उचललं आणि मागच्या दारातून सगळ्या शिंपल्या खाडीच्या चिखलावर भिरकावल्या.

लांब चोचींचे पक्षी क्षणात तुटून पडले.

मावशी रिकामं टोपलं धरून बघत राहिली. मग हात साबणाने खसाखसा घासत म्हणाली, "हरामखोर किड्यांनी मलाच वाढपी केलं."