वन्संनी न भरलेले रकाने

सकाळी साडेसातचा फोन म्हणजे वन्संचा. वर्षानुवर्षांचा नेम. मी इकडे देवासला चहाचं आधण ठेवलेलं, त्या तिकडे धारला पेपर वाचून बसलेल्या, आणि फोन उचलला की हॅलो नाही, कशी आहेस नाही, थेट बातमी. त्या मंगळवारीही फोन वाजला, नाव त्यांचंच दिसलं, आणि मी सवयीनं म्हटलं, “बोला वन्सं, आज कोणाची हजेरी घेताय?” तिकडून त्यांच्या शेजारणीचा आवाज आला. “भाभीजी, दीदी नहीं रहीं... पेपर हाथ में ही था.” मी गॅस बंद केला, एवढंच आठवतं. धारला पोचेपर्यंत मी रडले नाही. दुःखापेक्षा मला लाज जास्त वाटत होती. ती का, ते सांगायचं म्हणूनच आज हे लिहायला बसले आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, शालिनी. माझ्याहून चार वर्षांनी लहान. आताच्या मुली नणंदेला नावानं हाक मारतात, नाहीतर दीदी म्हणतात, पण आमच्या सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं की या घरात नणंदेला वन्सं म्हणतात आणि अहो-जाहो करतात. समोर शाळेतून आलेली, दोन वेण्या घातलेली मुलगी, आणि मी तिला म्हणते आहे, “वन्सं, जेवायला बसता ना?” ती फिस्सकन हसली. तेव्हापासून मी ‘अहो वन्सं’ आणि त्या ‘अगं वहिनी’, ते शेवटपर्यंत. त्यांनी लग्न केलं नाही. का, ते मी एकदाच विचारलं, तर म्हणाल्या, “कोणी विचारलंच नाही गं धड, आणि ज्यानं विचारलं त्याला मी धड उत्तर दिलं नाही.” विषय संपला.

नोकरी कुक्षीला, एका कचेरीत. तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीच्या मंडळींनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि लांब जाऊन बसली. वन्सं त्याच्यासमोर बसल्या. निसरपूरकडची माणसं अर्ज घेऊन यायची, धरणाच्या पाण्यामुळे गाव सोडावं लागलेली. मशीन विचारायचं, कायमचा पत्ता. एक म्हातारी त्यांना म्हणाली, “बाई, कायम का तो पानी में गया, अभी का लिख ले.” पण ती आता राहते त्या नव्या वस्तीचं नाव मशीनच्या यादीतच नव्हतं, आणि रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नव्हता. साहेब म्हणाले, या लोकांना काही कळत नाही. वन्संचं डोकं फिरलं. माणूस अडला तर आधी रकाना तपासायचा आणि मग माणूस, ही खूणगाठ त्यांनी त्या दिवशी बांधली. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना त्यांनी पत्रांवर पत्रं पाठवली. पुष्कळ महिन्यांनी यादीत ते नाव आलं. म्हातारी तोवर तीनदा हेलपाटे घालून गेली होती.

निवृत्त होऊन धारला आल्या आणि मग हे साडेसातचे फोन सुरू झाले. पेपरातलं तंत्रज्ञानाचं पान त्या दुसऱ्या बायका राशिभविष्य वाचतात तसं आधी वाचायच्या. “वहिनी, घडी पडणारा फोन आलाय म्हणे. अगं, घडी लुगड्याची घालावी. माझ्या फोनला धड आवाज वाढवायचं बटण सापडत नाही, आणि हे घड्या घालतायत.” दुसऱ्या दिवशी, “मशीन आता कविता करतं म्हणे. करू दे बापडं. पण पेन्शनच्या अ‍ॅपमध्ये मागे कसं जायचं, ते आधी सांग म्हणावं.” जिवंत असल्याचा दाखला फोनवरून द्यायचा तर फोन म्हणे डोळे मिचकावा. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. वन्संनी चारदा मिचकावले, फोन म्हणतो चेहरा दिसत नाही. “मी जिवंत आहे हे मला पक्कं माहीत आहे गं, पण त्याला कोण पटवणार?” मला निम्मं कळायचं नाही, पण हसून हसून चहा उतू जायचा. माझा पासवर्ड कुलदैवताचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, हे त्यांना कळलं तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. “देवीला राखणीला बसवलंस आणि किल्ली दारालाच टांगलीस,” म्हणाल्या. मी तो बदलला. कुलदैवताच्या पुढे चार-पाच-सहा केलं.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. आमच्या मराठी मंडळानं ‘परिवार-परिचय’ काढायचं ठरवलं. माळव्यात आम्ही पिढ्यान् पिढ्या राहिलेले, पण विखुरलेले. कोणी देवासला, कोणी धारला, एखादं घर टोंकखुर्दला शेती सांभाळून. मुलं हिंदी शाळांत शिकलेली, मराठी बोलतात पण वाचायला दिलं की “आजी, तूच सांग ना, ये तो बहुत लंबा है.” निदान एकमेकांचा ठावठिकाणा तरी राहावा, मुलामुलींची लग्नं जुळावीत. तर संकलनाचं काम मी अंगावर घेतलं. घरोघर फॉर्म वाटले, भरून घेतले. नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, आईचं माहेरचं आडनाव, मोबाईल, कुटुंबातील व्यक्ती. पत्रिका जुळवायची तर हे सगळं लागतंच. एकही रकाना मी रिकामा राहू दिला नाही. पुस्तक छापलं, शिवाय त्याची पीडीएफ सगळ्या ग्रुपवर फिरली. माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. वन्संची माहिती मीच भरली होती, त्यांना न विचारता. घरचीच तर होती.

पुढच्याच उन्हाळ्यात वन्संच्या मेलमध्ये कोणीतरी शिरलं. त्यांनी फार पूर्वी, मेल पहिल्यांदा उघडला तेव्हा, पासवर्ड विसरल्यास विचारायचा प्रश्न ठेवला होता, आईचं माहेरचं आडनाव. त्यांच्यासारखीनं असा प्रश्न का ठेवावा? तर तेव्हा सगळेच ठेवायचे, आणि नंतर तो बदलायचा राहून गेला. ‘एवढी शहाणी मी, आणि स्वतःच्याच घराची खिडकी उघडी,’ असं त्या पुढे म्हणायच्या. उत्तर माझ्या पुस्तकात छापलेलं होतं. चोरानं त्यांच्या नावानं नातलगांना मेल पाठवले, मी दवाखान्यात आहे, मदत करा. ते वेळेवर लक्षात आलं. पण जाताना त्यानं पेटी पुसून टाकली. त्या पेटीत ह्यांचे मेल होते. आमचे हे जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. बहिणीला दर रविवारी इंग्रजी अक्षरांत लांबलचक मराठी लिहायचे. माझ्या तक्रारी, बागेतला पपया, गुडघेदुखी, सगळं. मी त्यातला एकही वाचला नव्हता. वाचू कधीतरी, म्हणून राहून गेलं.

मी धारला गेले आणि त्यांच्या पायाशी बसून ओक्साबोक्शी रडले. म्हटलं, वन्सं, तुमच्या भावाला मी दुसऱ्यांदा घालवलं. त्यांनी मला रडू दिलं, पाणी दिलं, मग म्हणाल्या, “पुस्तकातलं पुसता येत नाही, वहिनी. आपण लोकांची उत्तरं बदलू. तुझ्याकडे पत्ते आहेत ना सगळे?” दोष असा त्यांनी मला कधीच दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

मग आम्ही दोघी निघालो. कधी बस, कधी कोणाची गाडी. घरात शिरायचं, पोहे खायचे आणि फोन काढायला लावायचा. वन्संची शिकवायची रीत अशी की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. दुसऱ्याच्या फोनला बोट लावायचं नाही. “तुझा फोन, तुझं बोट. मी केलं तर मला येईल, तुला कुठून येणार?” एकेका माणसाला तास लागायचा. पण खरी अडचण वेगळीच निघाली. आईचं माहेर कोणी विचारलं तर खोटं सांगायचं, हे त्या म्हणाल्या की लोक चमकायचे. टोंकखुर्दचे बापूसाहेब, ऐंशीच्या घरातले, ताठ माणूस. ते भडकलेच. “आमच्या आईचं माहेर बदलायला निघालात? आजवर या घरात आईच्या नावानं कोणी खोटं बोललेलं नाही.” वन्सं शांतपणे म्हणाल्या, “बापूसाहेब, विचारणारा सोयरा असेल तर खरंच सांगा. मशीनशी सोयरीक करायची आहे का?” त्यांचा मुलगा म्हणाला, “बाबा, सही बात है, मान लो ना.” म्हातारा बधला नाही. आम्ही तीनदा गेलो, तीनदा पोहे खाल्ले आणि तीनदा परत आलो. वन्सं म्हणायच्या, बरोबर आहे त्यांचं. खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं बोलायला लावणारा रकानाच मुळात नको.

आणि गेल्या वर्षी मंडळानं दुसरी आवृत्ती ठरवली. तोच फॉर्म, तेच रकाने, शिवाय आता अ‍ॅप. संकलन अर्थातच माझ्याकडे. गठ्ठे घरी येऊ लागले. वन्सं म्हणाल्या, “नाही म्हण.” मी म्हटलं, समितीतली सगळी माणसं आपलीच आहेत, वाईट दिसेल. शिवाय खरं सांगते, पहिल्या पानावर माझं नाव येणार होतं. ह्या वयात कोणाला नको असतं? शेवटची भेट झाली ती धारला त्यांच्या ओसरीवर. निघताना त्यांनी पुन्हा विचारलं, “वहिनी, सांगशील ना त्यांना, रकाने काढा म्हणून?” मी म्हटलं, “बघते.” त्या म्हणाल्या, “आमच्या आईच्या घरात बघते म्हणजे नाही, हे मला ठाऊक आहे गं.” आणि हसल्या. नऊ दिवसांनी तो मंगळवार उजाडला.

तेरावा झाला नाही तोच समितीचे सचिव घरी आले. चांगला मुलगा आहे, पन्नाशीचा असला तरी माझ्यासाठी मुलगाच. म्हणाला, “काकू, आपण ही आवृत्ती आत्याबाईंच्या स्मरणार्थ काढू. पहिलं पान त्यांचं. तुम्ही फक्त गठ्ठे द्या, बाकी टेन्शन नका घेऊ, सब हो जाएगा.” ज्या पुस्तकानं त्यांचं घर फोडलं, तेच त्यांच्या स्मरणार्थ... मी म्हटलं, “भिया, गठ्ठे मिळणार नाहीत.” त्याला वाटलं मी दुःखात बोलते आहे. तो म्हणाला, सावकाश द्या, पुढच्या महिन्याच्या बैठकीत बघू.

पुढच्या महिन्याच्या बैठकीआधी मी एका पानाखेरीज एकही फॉर्म घरात ठेवला नाही. एक वही केली आणि एकटी निघाले. देवासची घरं आधी, मग धार, मग कुक्षी. ज्याचं पान त्याच्या हातात, आणि वहीत त्याच्या नावापुढे ‘मिळालं’ म्हणून सही. गुडघ्यांनी माझ्याशी उभं वैर धरलं. काही जणांनी तोंडावर विचारलं, काकू, वेड लागलं का? मी म्हटलं, “हो, उशिरा लागलं.” टोंकखुर्दला बापूसाहेबांनी आपला फॉर्म हातात घेतला, चष्मा लावून सगळे रकाने वाचले, आणि त्या बाई नाही आल्या का म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी फॉर्मची नीट घडी घालून तो खिशात ठेवला. मग सही केली, खाली तारीखही घातली.

बैठकीत मी सांगितलं की छापायला काही उरलेलं नाही. गलका झाला. मग लग्नं कशी जुळायची, कोणीतरी ओरडलं. मी म्हटलं, “नाव छापा, गाव छापा, मंडळाचा एक फोन छापा. ज्याला सून हवी तो फोन करेल, भेटायला येईल, पत्रिका हातात घेईल. आपल्या आया अशाच या घरांत आल्या.” गलका वाढला, पण मी खाली बसले नाही. शेवटी दोन रकान्यांचा फॉर्म मंजूर झाला. संकलक म्हणून माझं नाव नको, हेही मी लिहून घेतलं.

घरी आले तेव्हा गठ्ठ्यात एक पान उरलं होतं. धारच्या फॉर्मांमध्ये आलेलं. वरचं नाव बघून मी ते महिनाभर उलटं ठेवलं होतं. त्या दिवशी सुलटं केलं. वन्संचं अक्षर. नाव लिहिलेलं. जन्मतारीख, जन्मवेळ, गोत्र, आईचं माहेर, मोबाईल, सगळीकडे पट्टी लावून मारलेली सरळ रेघ. फक्त शेवटचा रकाना भरलेला होता. ‘कुटुंबातील व्यक्ती.’ तिथे त्यांनी लिहिलं होतं, वहिनी.

मी वही उघडली. शेवटच्या ओळीवर शालिनी असं लिहिलं, आणि समोर ‘मिळालं’ म्हणून माझी सही केली.