तुलनेचं पाणी

तुमच्या विहिरीचं पाणी चांगलं आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आजोबांनी सांगितलं असेल, जिभेनं सांगितलं असेल, म्हैस निमूट पिते म्हणून तुम्ही ते धरून चालला असाल. मीही धरून चालले होते. त्यापायी आमच्या गावाची एकुलती एक लढाई मी घालवली.

आमचं गाव बारामती आणि इंदापूरच्या मधे आहे. चहूकडं ऊस. उसाला पाणी पाजून पाजून जमिनी खारावल्या आणि विहिरी मचूळ झाल्या. आमची विहीर तेवढी गोड राहिली. वस्तीवरच्या बायका प्यायचं पाणी आमच्याकडून नेतात आणि कुणाकडं पाहुणे आले की कळशी घेऊन पोर पळत येते. माझ्या वडिलांना, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं आणि मीही तेच म्हणते, या विहिरीचा फार अभिमान.

तात्या पत्रकं काढतात. शेतीच्या जोडीनं आयुष्यभर त्यांनी हेच केलं. धरणाचं पाणी, दुधाचा भाव, शाळेचं गळकं छप्पर, काही सुटलं नाही. उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. घड्या घालणं हे माझं काम होतं. तात्यांचा एकच नियम असायचा: पत्रकात खोटं एक अक्षर नको, न्हाय तर खरं पन वाया जातं.

ओढ्याच्या वरच्या अंगाला काही वर्षांपूर्वी एक शेड आलं. तिथं रसायनांची रिकामी पिंपं धुऊन परत विकतात आणि धुतल्याचं पाणी ओढ्यात सोडतात. ओढ्याला आधी फेस आला, मग मासे गेले, मग बेडकांचा आवाज गेला. मेलं मात्र कुणी नाही. हीच अडचण होती. तात्यांनी तीन पत्रकं काढली आणि तिन्ही वेळा लोकांनी विचारलं, कोण मेलं ते सांगा. शेडचा ना-हरकत दाखला ग्रामसभेत पुन्हा मंजुरीला येणार होता. तो अडवायचा तर पुरावा हवा होता.

मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचं शेवटचं वर्ष करत होते. आमच्या मॅडमकडं पाणपिसवा होत्या, म्हणजे डबक्यात पोहणारे डॅफ्निया नावाचे बारीक जीव. बाजरीच्या दाण्याहूनही लहान आणि काचेसारख्या पारदर्शक. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की धडधडणारं काळीज दिसतं, पोटातलं हिरवं शेवाळ दिसतं, पाठीवरच्या पिशवीत वळवळणारी पिल्लं दिसतात. मॅडमनी मला समजावलं की मरण मोजायला दोन दिवस पुरतात, पण हळू चढणारं विष मोजायचं तर एकवीस दिवस लागतात. पाणपिसू जगेल, खाईल, पोहेल. तिला पिल्लं किती होतात ते बघायचं. पाणी चांगलं असलं की त्या सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय दर दोन-तीन दिवसांनी पिल्लं देत राहतात. पाणी बिघडलं की आधी हेच थांबतं.

मी दहा-दहा बीकरच्या तीन रांगा लावल्या, प्रत्येक बीकरमध्ये एकच पाणपिसू. पहिल्या रांगेत लॅबमध्ये क्षार मोजून तयार केलेलं पाणी, तिसऱ्या रांगेत ओढ्याचं. मधल्या रांगेत आमच्या भागातलंच, पण स्वच्छ पाणी हवं होतं. मॅडम म्हणाल्या, नाही तर शेडवाले म्हणतील की इथलं पाणीच असं खारं, आमचा काय दोष. ते तुलनेचं पाणी. कुठून आणायचं याचा मी क्षणभरही विचार केला नाही. तात्यांनी स्वतः विहिरीत उतरून कॅन भरला आणि म्हणाले, "हे ने. ह्याला नाव ठेवनारा तालुक्यात न्हाय."

एकवीस दिवस मी एसटीनं गेले. रविवारीही गेले, शिपाईमामांच्या शिव्या खाऊन लॅब उघडून घेतली. रोज ड्रॉपरनं नवी पिल्लं उचलायची, मोजायची, दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं, शेवाळ घालायचं. पहिल्या रांगेत आठवड्यानंतर पिल्लंच पिल्लं झाली. ओढ्याच्या रांगेत काही आया मेल्या आणि उरलेल्यांना पिल्लं झालीच नाहीत. खोटं कशाला बोलू, मी खूश झाले होते. पुरावा तयार होत होता.

मधली रांग मी शेवटी मोजायचे, कारण तिच्यात काही बघण्यासारखं असेल असं वाटत नव्हतं. दहाही जिवंत, दहाही पोहत होत्या. एका बीकरमध्ये चार पिल्लं दिसली, दुसऱ्यात एकही नाही. मला वाटलं, माझ्या हातून सांडली. पंधराव्या दिवशी एकीच्या पाठीवर खोगिरासारखं काळं कवच दिसलं आणि मी मॅडमना बोलावलं. त्यांनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. दिवस वाईट आले की पाणपिसू पिल्लांऐवजी कडक कवचातली अंडी घालते, त्यांनी सांगितलं. ती अंडी गाळात वर्षानुवर्षं पडून राहतात, पाणी सुधारेल म्हणून. मग त्यांनी विचारलं, "विहिरीजवळ काय फवारता तुम्ही?"

मला उत्तर शोधावं लागलं नाही. उसातलं तणनाशक मारून झालं की तात्या पाठीवरचा पंप विहिरीच्या कठड्याला टेकवतात, मोटर चालू करतात आणि तिथंच विसळतात. ते पाणी फरशीवरून वाहत भेगेतून आत जातं. लहानपणापासून मी ते पाहिलंय. पंप मीही धुतलाय. कोणतं रसायन किती, हे माझी चाचणी सांगत नाही, त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागते. पाणी चांगलं नाही, एवढं ती सांगते.

मी नवा कॅन नेऊन पुन्हा एकवीस दिवस केले. तेच झालं.

घरी सांगितलं तेव्हा तात्या पत्रकाचा मजकूर लिहीत बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं. मेल्या का, असं त्यांनीही विचारलं. मग म्हणाले की अहवालात ओढा लिही, तयार केलेलं पाणी लिही, विहीर राहू दे.

"तुमीच म्हनता, खोटं एक अक्षर नको."

"खोटं लिव कुठं म्हनतोय? लिवू नको म्हनतोय." मग खाली बघत म्हणाले, "त्या पान्यावर तू वाढलीस, बाय."

ग्रामसभेत मी तिन्ही रांगा वाचल्या. मला त्याचा अभिमान नाही, आणि पश्चात्ताप करायलाही जमत नाही. शेडवाला आमच्याच भावकीतला, मला अंगाखांद्यावर खेळवलेला. तो शांतपणे उठला.

"पोरी, वड्यातल्या पिसवांना लेकरं व्हईनात. बरं. तात्यांच्या हिरीतल्यांना?"

"त्यांनाही कमी होतात."

"मंग तितं बी माझं शेड हाय का?"

मागून कुणीतरी म्हणालं, तात्यांनी पिसवांचं कुटुंब नियोजन केलंय, सरकारनं बक्षीस द्यायला पाहिजे. सभा हसली. तात्याही हसल्यासारखे झाले, ते मला सगळ्यात जास्त लागलं. मी ओरडून सांगत होते की ओढ्यात मेल्या आहेत, दोन्हींत फरक आहे, विहीर वाईट म्हणून ओढा चांगला ठरत नाही. माझं म्हणणं बरोबर होतं. ते कुणी ऐकलं नाही. हात वर झाले आणि दाखला मिळाला.

दुसऱ्या सकाळी वस्तीवरच्या बायका येतील की नाही, याची मला धास्ती होती. सगळ्या आल्या, नेहमीसारख्या. एक म्हातारी म्हणाली, "पिसवांचं काय एवढं, आमाला झाली की सात-आठ." कळशी कमरेवर घेऊन ती गेली. दुसरं पाणी तिनं आणायचं तरी कुठून?

तात्या माझ्याशी बोलतात, पण त्या दिवसापासून त्यांनी पत्रक काढलेलं नाही. अर्धा लिहिलेला कागद अजून फळीवर आहे. फवारणी थांबली नाही, ती थांबवून ऊस येत नाही असं ते म्हणतात. मात्र पंप ते आता विहिरीवर धूत नाहीत. पाठीवर घेऊन खाली उतरतात आणि ओढ्याच्या कडेला धुतात. तो तसाही गेलाय, म्हणतात. मी कठड्यावर उभी राहून बघते.

त्यानंतर मी आणखी विहिरींचं पाणी आणलं, बोअरचं आणलं, कालव्याचंही आणलं. कुठल्याच पाण्यात पुरेशी पिल्लं झाली नाहीत, मधली रांग अजून रिकामीच आहे. तुलनेला पाणीच नसेल तर बिघडलं कशाला म्हणायचं, हा प्रश्न मला कुठल्याच सभेत मांडता येत नाही.

म्हणून तुमच्याकडं मागते. तुमच्या विहिरीच्या पाण्यावर तुमचा भरवसा असेल, तर एक बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, साबण लावू नका, काठोकाठ भरा आणि झाकण घट्ट लावा. वर चिठ्ठी डकवा: विहीर कुठली, आसपास काय फवारता, पंप कुठं धुता. खरं लिहा. बाजारच्या दिवशी बारामतीच्या एसटी स्टँडबाहेर मी जुनी पत्रकं वाटत उभी असते. ती बाटली मला आणून द्या.