धुतलेलं दुपटं

लॉन्ड्रीवालीला जळायला मोठं कारण कधी लागलंच नाही. कॅन्सरच्या वॉर्डात शेजारच्या बाईचे केस आधी उगवले, तर ही दोन दिवस तिच्याशी धड बोलली नव्हती. हिचे विरळच आले. तेव्हापासून डोक्यावरचा रुमाल गिऱ्हाइकांसमोर कधी सुटला नाही. पण चार वर्षांची लेक दत्तक आणली आणि ही बया चक्क एका मळक्या दुपट्यावर जळू लागली, तेव्हा नवऱ्याने कपाळाला हात लावला.

दुपटं संस्थेतलं. तिथल्या मावशीने पोरीला त्यात गुंडाळून वाढवलेलं. पोर नवऱ्याला बाबा म्हणायची, हिला काकू, आणि झोपताना दुपटं नाकाशी धरून मावशी, मावशी पुटपुटायची. झालं! केमोने हिच्या नाकाला वास येणं पार बंद केलं होतं, पण मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच.

"मरणाच्या दारातून परत आले ती हे ऐकायला?" ती नवऱ्याला म्हणाली.

एके सकाळी तिने दुपटं उचललं. मळलंय, असं स्वतःलाच बजावत सोड्याच्या गरम पाण्यात भिजवलं, घासलं, खळ देऊन कडक इस्त्री केली. इतकं झकास काम तिने कुठल्या गिऱ्हाइकाचंही केलं नव्हतं.

पोरीने ते नाकाला लावलं. उलटं करून पुन्हा लावलं. मग भिंतीकडे तोंड करून बसली ती जेवायलाही उठेना.

"अगं, त्यात मावशीचा वास होता," नवरा म्हणाला. "तुला कसं कळणार म्हणा."

कळलं असतं तर धुतलं नसतं, असं काही ती म्हणाली नाही. ते खोटं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती दुपटं घेऊन संस्थेत गेली. मावशीचे केस चांगले दाट, तेही डोळ्यांत खुपलेच.

"हे थोडे दिवस उशाशी घेऊन झोपाल का?" एवढं विचारताना तिच्या अगदी जिवावर आलं.

मावशीने दुपटं छातीशी धरलं. "तुमचा हेवा वाटतो हो," ती म्हणाली. "माझ्याकडे येतात सगळी, पण राहत कुणीच नाही."

लॉन्ड्रीवालीने निघताना दुपट्याची घडी तेवढी सारखी केली.

दुपटं परत आलं, पोर नीट जेवू लागली. हिचं जळणं थांबलं म्हणाल, तर छे. फक्त दुपट्याला पुन्हा पाणी लावलं नाही.

मग एका दुपारी इस्त्री करताना उकडलं म्हणून तिने रुमाल काढून ठेवला, तो सापडेना. वाकून बघते तर काउंटरखाली पोर झोपलेली. दुपटं पायाशी, रुमाल नाकाशी.

"कसला वास येतो हो त्याला?" तिने नवऱ्याला हळूच विचारलं.

त्याने वाकून हुंगलं. "घामाचा, वाफेचा. तुझा."

तिने रुमालाचं टोक जरासं ओढलं. पोरीने मूठ आवळली. "धुवायचं नाही हं," ती झोपेतच म्हणाली.

तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. लॉन्ड्रीवाली तशीच, उघड्या डोक्याने, काउंटरला उभी राहिली.