पाठीतला आवाज

मामीचा फोन आला तेव्हा मी सावंतवाडीच्या आमच्या शाळेत आठवीच्या उत्तरपत्रिका तपासत बसले होते. “ह्ये गेले गो बाय,” एवढंच ती म्हणाली आणि फोन शेजारणीच्या हातात दिला. मालवणला पोचले तोवर अंगणात खुर्च्या लागल्या होत्या आणि येणारा प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता, हार्टने गेला, काय करणार, कुणाच्या हातात आहे... मृत्यूच्या दाखल्यावरही तेच लिहून आलं. तिथे बसल्या बसल्या माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. वासूमामा बासष्ट वर्षांचा होता. त्याचं हृदय थकलं हे खरं, पण ते का थकणार हे त्याला स्वतःला दोन वर्षं आधी कळलं होतं, आणि त्याने ते सांगितलंही होतं. आज सहा आठवड्यांनी लिहायला बसले आहे ती त्याचे गोडवे गायला नाही. ते गायला जेटीवर पुष्कळ माणसं आहेत. मला राग आला आहे, आणि तो कुणाकुणावर आहे ते एकदा नीट सांगायचं आहे.

वासूमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. मच्छीमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. शिक्षण सातवी, जेटीजवळ पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये खंडीभर हत्यारं. पण त्याचं खरं हत्यार एकच, हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर. चालू इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठलं बेअरिंग झिजलंय, कुठला व्हॉल्व्ह नीट बसत नाही, हे तो झाकण न उघडता सांगायचा. मी लहान असताना एकदा ती मूठ माझ्या कानाला लावून म्हणाला, “आयक गो. ह्यो बरो आवाज. आता ह्यो आयक, ह्यो वायट.” मला दोन्ही सारखेच वाटले. तसं सांगितल्यावर तो हसला आणि दिवसभर मला शेडमध्ये बसवून तेच पुन्हा पुन्हा ऐकवत राहिला. घन पदार्थातून आवाज हवेपेक्षा वेगाने जातो हे मी आज मुलांना शिकवते, पण शिकले ते तिथे, ग्रीसच्या वासात. एका वर्षी मासेमारीची बंदी उठली त्याच दिवशी एका मालकाला बोट काढायची घाई होती. मामाने कान लावला आणि बोट सोडायचीच नाही म्हणून चावी स्वतःच्या खिशात घातली. मालकाने त्याचे आईबाप काढले, तरी हा हलेना. इंजिन उघडलं तर मामा म्हणाला तेच बेअरिंग पार कामातून गेलेलं. दुसऱ्या दिवशी त्याच मालकाकडून ताज्या बांगड्यांची टोपली आली.

त्याच्या आजाराची सुरुवात साधी होती. लघवीतून प्रथिनं जातात असं निघालं, म्हणून शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा तपासायला काढला. त्यात फार काही वाईट निघालं नाही. दोन दिवस लघवी लाल झाली, होतं असं म्हणाले, आणि ती थांबलीही. त्या सुईला मी दोष देत नाही. तपासणी हवीच होती, आणि कधीकधी त्यातून असं होतं, हे मला पुढे समजलं. माझा राग त्याच्या पुढचा आहे. काही महिन्यांनी मामाला बोटीवर चढताना दम लागू लागला, रक्तदाब गोळ्यांना दाद देईना. आणि एक दिवस त्याने मामीचा हात आपल्या पाठीवर, फासळ्यांच्या खाली ठेवला. आत मांजर गुरगुरावं तसं थरथरत होतं. रविवारी मी गेले तेव्हा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला फडकं गुंडाळून त्याने तो माझ्या हातात दिला आणि सदरा वर करून पाठमोरा बसला. मी मूठ कानाला लावली... घुर्र, घुर्र, नाडीबरोबर चढणारा-उतरणारा, पण मध्ये कधीच न थांबणारा आवाज. तो शांतपणे म्हणाला, “प्रेशरची लायन रिटर्नात घुसली आसा. पंप किती दिवस वडतलो?”

आता माझं ऐका. त्या इस्पितळात त्याला मी घेऊन गेले, कारण घरात शिकलेली मी. बसमध्ये मी त्याला बजावलं होतं, तिथे स्क्रूड्रायव्हरचं काही काढू नकोस, हसतील. केबिनमध्ये डॉक्टरांनी काय होतंय विचारलं. मामा सरसावून बसला आणि म्हणाला, “डाक्टर सायेब, माझ्या पाठीत...” मी त्याच्या दंडावर हात ठेवला. त्याला गप्प केलं आणि माझ्या शाळेतल्या शुद्ध मराठीत सांगितलं की यांना दम लागतो आणि कंबरेत जरा अस्वस्थ वाटतं. डॉक्टरांनी मान हलवली, गोळी बदलली, घंटी वाजवली. मामा बाहेर येऊन चहा प्यायला.

चार महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा त्याने माझा हात बाजूला केला आणि सगळं सांगितलं, मालवणीत, स्क्रूड्रायव्हरसकट. डॉक्टर खो-खो हसले. काका, हे काय इंजिन आहे का, म्हणाले. पोटातला वायू फिरतो तो, आणि तुम्ही काळजी फार करता. मग वायूची एक गोळी आणि झोपेची एक गोळी. जखम मांडीला आणि मलम शेंडीला! त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप लोंबत होता. सदरा वर करायला सांगून तो पाठीला लावायला किती वेळ लागला असता? माझा मामा दारूच्या तारेत असलेल्या खलाशाच्या इंजिनालाही कान लावल्याशिवाय पुढे जाऊ देत नव्हता. आणि त्याच्या पाठीला कान लावायला एका शिकलेल्या माणसाला लाज वाटली. दुसऱ्या शिकलेल्या माणसाला, म्हणजे मला, ती आधीच वाटून झाली होती.

पुढचं सव्वा वर्ष असंच गेलं. पाय सुजायला लागले, आडवं झालं की श्वास पुरेना, म्हणून तो खुर्चीत बसून झोपायचा. शेवटी गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात एक नवी डॉक्टरीण आली होती, तिच्याकडे सुजेसाठी नेलं. मुलगी असेल पंचविशीची. तिने सदरा काढायला लावला, छाती ऐकली, मग पाठ, मग आणखी खाली... आणि तिथेच थांबली. बराच वेळ ऐकत राहिली. मग विचारलं, “काका, इथे कधी सुई घातली होती का? आणि हा आवाज कधीपासून येतो?” मामाने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी खाली बघत राहिले.

तिने लिहून दिलेली सोनोग्राफी झाली. त्यात रक्ताचा प्रवाह रंगात दिसतो. मूत्रपिंडात सुई गेली त्या जागी धमनी आणि शीर यांच्यात भलतीच वाट पडली होती, तिला फिस्टुला म्हणतात. धमनीतलं जोराचं रक्त अवयवात न फिरता थेट शिरेत घुसत होतं आणि हृदय ते पुन्हा पुन्हा उपसत होतं. म्हणजे प्रेशरची लायन रिटर्नात ना, मामाने त्या डॉक्टरणीला विचारलं. अगदी तेच, ती म्हणाली. मग दुसऱ्या एका इस्पितळात जांघेतून बारीक नळी घालून तारेच्या वेटोळ्यांनी ती वाट बुजवली. ना मोठी चिरफाड, ना टाके. तासा-दीड तासाचं काम! मामा जागाच होता, पडद्यावर सगळं बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, “आवाज बंद झालो.” मी पाठीला कान लावला. खरंच, काही नव्हतं.

पण तोवर हृदय फुगून ढिलं पडलं होतं. वाट बुजवणाऱ्या डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं. त्यानंतर तो पाच महिने जगला. त्यातल्या एका दुपारी मी त्याला विचारलं, त्या पहिल्या दिवशी मी गप्प केलं तेव्हा तू गप्प का बसलास? तो स्क्रूड्रायव्हरची मूठ फडक्याने पुसत होता. “माका वाटलां, तू मास्तरीण. तुका ज्यास्ती कळता.” त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दिवसकार्य झाल्यावर मी सगळे कागद घेऊन त्या शहरातल्या डॉक्टरांकडे गेले. भांडायलाच गेले होते. त्यांनी कागद चाळले, अशा केसेस फार दुर्मिळ हो, म्हणाले. मग संगणकावर जुनी नोंद काढून वाचून दाखवली, दम लागतो, कंबरेत जरा अस्वस्थ वाटते. “आवाजाचं तुम्ही काही सांगितलंच नव्हतंत, मॅडम.” माझेच शब्द, माझ्याच शुद्ध मराठीत. मी म्हटलं, दुसऱ्या वेळी त्याने सांगितलं होतं, ते कुठे लिहिलंय? त्यांनी पुढचं पान उघडलं. तिथे वायू आणि चिंता एवढंच होतं. मग मात्र उठता उठता मी ते वाक्य बोललेच, माझ्या मामाचं, त्या दिवशी मी अर्ध्यावर तोडलेलं, आता त्याच्याच मालवणीत पुरं केलेलं. “डाक्टर सायेब, माझ्या पाठीत आवाज येता.” बाहेरच्या बाकावर रांगेत बसलेली माणसं वळून बघायला लागली.

तिथून थेट मामीकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं, दंडावर हात ठेवल्याचंसुद्धा. ती उठली आणि खिळ्यावरचा स्क्रूड्रायव्हर काढून आणला. मुठीच्या टोकाला, जिथे त्याचा कान टेकायचा तिथे, लाकूड काळंभोर आणि गुळगुळीत झालं आहे. इतक्या वर्षांत मामीने तो कधी कानाला लावला नव्हता. तिने टोकाला पदर गुंडाळला, ते आपल्या छातीवर टेकवलं आणि मूठ माझ्याकडे केली. मी बराच वेळ ऐकलं.

“बरो आसा गो,” मी म्हटलं.

“वायट आसलो तर सांगशीत मां?” तिने विचारलं.