शेवटचा क्वार्टर वाऱ्याविरुद्ध

आमच्या क्लबात माझ्याविषयी एक गोष्ट सांगतात आणि ती सपशेल खोटी आहे. ग्लेन वेव्हर्लीच्या बाजूचा हा लहानसा फूटी क्लब, म्हणजे हातांनीही चेंडू झेलता येणाऱ्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा; इथे मी आधी खेळाडू होतो, मग कोच झालो. गोष्ट अशी की, फायनलच्या चारपैकी तिसऱ्या क्वार्टरनंतर मी खेळाडूंना भोवती जमवले, डोळ्यांत पाणी आणून मातृभूमीविषयी बोललो आणि त्या भाषणाने पेटून पोरांनी सामना जिंकला.

मातृभूमीचा मी उच्चारही केला नव्हता. आम्ही थोडक्या गुणांनी पुढे होतो आणि शेवटचा क्वार्टर वाऱ्याविरुद्ध खेळायचा होता. अशा वेळी आपले गोल वाढवण्यापेक्षा समोरच्यांचे अडवणे शहाणपणाचे. म्हणून आमचा कॅप्टन, संघातला सर्वांत उंच आणि सर्वाधिक गोल करणारा माणूस, मी आघाडीवरून काढून बचावात पाठवला. त्याने मला एक शिवी हासडली आणि गेला. वाऱ्यावर येणारे उंच चेंडू तो हवेत झेलत राहिला. सामना आम्ही तिथे जिंकला.

हे मी दर वर्षी क्लबच्या जेवणात सांगतो. लोक हसून माना डोलावतात. भारतीय माणसाने रडवले, हे त्यांना पटते. त्याने वारा ओळखला, हे पटत नाही. त्याच मैदानावर इतके हिवाळे मी चिखलात लोळलो, ते काय भाषणे पाठ करण्यासाठी?

यंदा त्याच कॅप्टनने, जो आता क्लबचा अध्यक्ष आहे, नव्या संघापुढे ‘ते भाषण’ पुन्हा करण्याची मला गळ घातली. मैदानाच्या कडेला सॉसेज भाजणाऱ्या क्लबच्या मंडळींदेखत मी त्याला म्हणालो, की त्या दिवशी रडलेला एक तरी माणूस दाखव.

“मी रडलो होतो, कोच.”

“तू मला शिवी दिली होतीस.”

“दोन्ही केलं. फायनलमध्ये कॅप्टनला मागे पाठवतात का? माझा बाप बघायला आला होता.” मग आवाज उतरवून म्हणाला, “का रडलो, हे घरी काय सांगणार होतो? भाषण सांगणं सोपं होतं.”

म्हणजे गोष्टीचा कर्ता हाच. मी त्याला नव्या संघापुढे नेऊन उभे केले आणि काय घडले ते तूच सांग, असे बजावले. त्याने सांगितले, शिवीसकट. पोरे मनसोक्त हसली. मग त्याला चेव चढला. झेललेला एकेक चेंडू तो हात उंचावून दाखवू लागला. त्यातले दोन त्याच्या हातून सुटले होते. तेही मी तिथल्या तिथे दुरुस्त केले.